वाचक विचारतात : निकाल तर पेपरात आला, आता तुम्ही काय लिहिणार?

मागच्या अंकात सहज एक वाक्य लिहून गेले की आपल्याकडे स्कोअरवर भरपूर लिहिलं जातं पण खेळावर फार कमी, आणि त्यावर एवढी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की म्हटलं यावेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेऊ. म्हणजे खेळाबद्दल लिहायचं, खरंखुरं लिहायचं, पण बातमीसारखं नाही, गोष्टीसारखं वाचावंसं वाटेल असं. याला कोणी ललित म्हणतं, कोणी रिपोर्ताज म्हणतं, मला नावाशी काही घेणंदेणं नाही. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढून टाकलीत, शुद्धलेखन तुमचं तुमच्याकडे.

ताई, माझे आजोबा पैलवान होते. आता ते नाहीत. घरात एक फोटो आणि एक गदा आहे. खासबागेत त्यांनी एका नावाजलेल्या पैलवानाला कलाजंग डावावर चितपट केलं असं बाबा सांगतात, पण थोरले काका म्हणतात की ती कुस्ती बरोबरीत सोडवली. मला ती कुस्ती डोळ्यासमोर उभी राहील अशी लिहायचीय, आजोबांच्या मनात काय चाललं होतं ते पण. थोडं कल्पनेनं भरलं तर चालेल का? (सांगली जिल्ह्यातून)

नाही चालणार. म्हणजे कथा म्हणून लिहिणार असाल तर खुशाल भरा, कोण अडवतंय, पण खाली 'माझे आजोबा' म्हणून लिहिणार असाल तर एक चमचाभर सुद्धा नाही. आणि हे मी सोवळेपणा म्हणून सांगत नाहीये, त्यात तुमचंच नुकसान आहे. कारण काय होतं बघा, आपण मनातलं लिहायला लागलो की सगळ्या पैलवानांच्या मनात एकच सिनेमा लागतो, गावाकडची आई दिसते, वस्तादांचे शब्द आठवतात, अंगात बारा हत्तींचं बळ येतं. आजोबा राहतात बाजूला.

खाशाबा जाधवांचं घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे. (लोक त्यांना सर्रास कोल्हापूरचे करून टाकतात, शिकले-घडले कोल्हापुरात हे खरं, पण गाव सातारा जिल्ह्यातलं.) १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्यानंतरचं यायला थेट १९९६ उजाडलं, ते पण टेनिसमध्ये, लिअँडर पेसचं. आता हेलसिंकीची एक हकीकत नेहमी सांगितली जाते की एक लांबलेली कुस्ती संपवून ते बाहेर आले आणि लगेच पुढच्या कुस्तीचा पुकारा झाला. नियमानं मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला पाहिजे होती, पण हे तिथल्या लोकांना ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. ते तसेच उतरले आणि ती कुस्ती गेली.

इथे हात शिवशिवतात ना? 'खाशाबांच्या डोळ्यासमोर गोळेश्वरची लाल माती तरळली' वगैरे? तरळली असेल किंवा नसेलही, मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. पण तो न मिळालेला अर्धा तास आपल्याला माहीत आहे. मग एखाद्या आजच्या पैलवानाला जाऊन विचारा की बाबा रे, दमवणारी कुस्ती झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत अंगाचं काय होतं, पंधराव्या मिनिटाला काय होतं. तो सांगेल की पंजे आवळून आवळून हात कोपराखाली दगडासारखे झालेले असतात, बाटलीचं झाकण फिरवता येत नाही, श्वास जागेवर यायच्या आधी घाम गार पडायला लागतो. हे सगळं विचारता येतं, तपासता येतं, आणि हे लिहिलं की तो अर्धा तास काय किमतीचा होता ते वाचकाला आपोआप कळतं, खाशाबांच्या डोक्यात शिरायची गरजच पडत नाही.

तसंच मातीचं. लाल मातीत वाढलेला हा माणूस १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. माती आणि गादी यांत फरक काय, हे पण वस्तादांना विचारा, आणि जमलं तर स्वतः दोन्हीवर अनवाणी उभे राहून बघा, मातीत अंगठा रुततो, गादीवर रुतत नाही, एवढं जरी लिहिलंत तरी पुष्कळ झालं. आणि पैशांचं. १९५२ च्या प्रवासासाठी दारोदार फिरून पैसे गोळा करावे लागले आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. यावर 'केवढा हा त्याग' असं एक वाक्य टाकून बघा आणि मग ते खोडून बघा. खोडलेलंच चांगलं दिसतं.

आता तुमच्या आजोबांकडे येऊ. तुमच्याकडे एक कुस्ती आणि दोन निकाल आहेत, हे तर घबाड आहे आणि तुम्ही त्यालाच अडचण समजताय! बाबांचं व्हर्जन लिहा, काकांचं लिहा. त्या वर्षी काका किती वर्षांचे होते, मैदानात होते की घरी बसून ऐकलं? बाबांना कोणी सांगितलं, खुद्द आजोबांनी की आजीनं? आजोबा स्वतः काय सांगायचे, की ते त्यावर बोलायचेच नाहीत? गदेवर काही कोरलंय का बघा, साल-गाव असतं पुष्कळदा. मैदानांची छापील पत्रकं निघतात, त्यात जोड्या दिलेल्या असतात, गावातल्या कोणा म्हाताऱ्याच्या ट्रंकेत तसलं एखादं निघालं तर तुमचं नशीब. खासबागेत जाऊन या. शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान, १९१२ चं, मधला हौदा आणि भोवती चढत जाणारी बसायची जागा, अगदी वरच्या ओळीत बसून बघा की तिथून पाठ टेकली की नाही हे कितपत नीट दिसतं. कदाचित बाबा आणि काका दोघंही खरं बोलत असतील. आणि तो फोटो भिंगाखाली धरून आजोबांचे कान बघा. पैलवानाचे मोडके कान फोटोत खोटं बोलत नाहीत.

मराठीत लिहायचं म्हणून बोल्डला त्रिफळाचीत, एलबीडब्ल्यूला पायचीत असंच लिहायचं का? मला ते शाळेच्या पुस्तकासारखं वाटतं. (ठाणे)

वाटतं कारण आपण ते तोंडाने बोलत नाही, पेपरात वाचतो. पण त्या शब्दांना मी नावं ठेवणार नाही हं, बाळ ज. पंडित, वि. वि. करमरकर या मंडळींनी मराठीतून क्रिकेट ऐकवलं तेव्हा अशा शब्दांवर एक अख्खी पिढी रेडिओला कान लावून वाढली, माझे वडील शेवटपर्यंत 'झेल सुटला' असंच म्हणायचे, 'कॅच सुटला' त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. म्हणून वडिलांवर लिहिताना झेल, आणि माझ्या भाच्यावर लिहिताना कॅच. गल्लीतल्या मॅचवर लिहिताना तर 'दांडी गुल' आणि 'वन टप्पा आउट'. ज्याची गोष्ट त्याची भाषा, एवढं सोपं आहे.

मला खरा त्रास होतो तो दुसऱ्या शब्दांचा. धुव्वा उडवला, लोळवलं, पाणी पाजलं, खिशात घातलं. तीन परिच्छेदांत चार लढाया. आणि चारी मुंड्या चीत! अहो, हा कुस्तीच्या आखाड्यातला शब्द, पाठ मातीला लागलेल्या माणसाचा, तो आपण बुद्धिबळापासून बॅडमिंटनपर्यंत सगळ्यांना चिकटवून इतका झिजवला की आता खरंच कोणी चीत झाला तर लिहायला शब्द उरलेला नाही. कुस्तीवर लिहिताना डावाचं नाव लिहा. पट काढला, ढाक मारली, घिस्सा, एकचाक. वाचकाला डाव माहीत नसेल तर एका ओळीत दाखवा की कुणाचा हात कुठे होता आणि पाय कुठे गेला. आणि हे लिहिता येण्यासाठी तुम्हाला तो डाव कळला पाहिजे, तिथेच खरी गोची आहे.

मी जर्नलिझमला आहे. प्रोजेक्टसाठी रायफल शूटिंग घेतलंय, स्वप्नील कुसाळेच्या मेडलपासून इंटरेस्ट आला. पण रेंजवर दोन दिवस बसले आणि काहीच घडलं नाही. सगळे नुसते उभे. काय लिहू? (पुणे)

अगं, दोन दिवस बसलीस हेच मोठं आहे, तुझ्या वयाची मी दोन तासांत वडापाव खायला पळाले असते.

आधी स्वप्नीलचं. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, ४५१.४ गुण, ब्राँझ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेत नोकरी. त्या दिवशी सगळीकडे एकच स्टोरी होती, की हा तिकीट तपासनीस, धोनी पण तिकीट तपासनीस, दोघं पण कूल. छान आहे, एकदा वाचायला. पण त्यात शूटिंग कुठाय? तीच स्टोरी वेटलिफ्टरला लावली तरी चालली असती.

आता तू 'काहीच घडलं नाही' म्हणतेस ते तपासू. पन्नास मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहाचं वर्तुळ असतं ते १०.४ मिलिमीटरचं. आत्ता तुझ्या शर्टाच्या कॉलरचं बटण बघ, साधारण तेवढं. ते अर्ध्या फुटबॉल ग्राउंडच्या पलीकडे ठेव. फायनलला आधी गुडघ्यावर बसून गोळ्या, मग पोटावर झोपून, मग उभं राहून, आणि उभ्याने मारताना एकेक जण बाहेर पडत जातो. स्वप्नील सुरुवातीला पहिल्या तिघांत नव्हता, उभ्याने मारताना वर सरकला, म्हणजे जिथे शरीर सगळ्यात जास्त हलतं तिथे. पोटावर झोपल्यावर जमीन तुला धरून ठेवते, उभं राहिल्यावर कोणी नाही.

आता परत रेंजवर जा आणि सुटलेल्या गोळ्या मोजायच्या सोडून न सुटलेल्या मोज. नेमबाज रायफल वर घेतो, गाल टेकवतो, थांबतो, आणि कधीकधी न झाडता परत खाली घेतो. का घेतली खाली? काय बरोबर वाटलं नाही? हे त्याला नंतर विचार, लगेच नाही, सराव संपल्यावर, जॅकेट काढताना. ते जॅकेट हातात घेऊन बघ, इतकं कडक असतं की त्यात माणूस चालताना पुठ्ठ्याच्या खोक्यात चालल्यासारखा दिसतो. मला वाटतं तुझा पहिला परिच्छेद त्या खाली घेतलेल्या रायफलीत आहे. दुसऱ्या दिवशी चार वाजता सात नंबरच्या लेनवर एका मुलीने तीनदा रायफल खाली घेतली आणि चौथ्यांदा झाडली. हे घडलेलंच आहे ना? तुला ते घडणं वाटलं नाही, कारण टाळ्या पडल्या नाहीत.

खेळ हा टाइमपास आहे. त्याला साहित्य म्हणून डोक्यावर घेऊ नये. (नागपूर)

बरं.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, खो-खो खेळते, राज्य पातळीपर्यंत गेली. मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात तिचा फाऊल झाला, संघ हरला, आणि ती बसमध्ये रात्रभर रडली. मला तिच्यावर लिहायचंय, दोन ओळी लिहिते आणि थांबते. आई म्हणून लिहिलं तर ते कौतुक वाटेल का? (धाराशिव)

ताई, तुम्ही दोन ओळींवर थांबता हे फार चांगलं लक्षण आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिला विचारा. 'तुझ्यावर लिहू का' असं मोघम नाही, 'बसमधलं लिहू का' असं. ती नाही म्हणाली तर बसमधलं गेलं, संपलं. हो म्हणाली तरी लिहून झाल्यावर तिला वाचायला द्या आणि परत विचारा, कारण चौदाव्या वर्षी हो म्हणालेलं अठराव्या वर्षी नको वाटू शकतं आणि अंक कुठेतरी पडून असतोच, वर्गातला कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतोच. फाऊल कुणामुळे, पंच कसा होता, कोच काय बोलले, यातलं जे तुम्ही स्वतः पाहिलं-ऐकलं नाही ते कुणाच्या नावावर टाकू नका.

दुसरं म्हणजे कौतुकाची भीती. कौतुक कधी होतं तर तुम्ही मुलीकडेच बघत राहिलात की. खेळ बघा ना! खो-खो इतका विचित्र सुंदर खेळ आहे आणि त्यावर लिहिलेलं किती थोडं सापडतं. आठ जणी ओळीत बसलेल्या, एक आड एक उलट्या दिशेला तोंड करून, म्हणजे पळणारी जेव्हा एका बाजूला असते तेव्हा निम्म्या मुलींची तिच्याकडे पाठ असते. त्यांना ती दिसत नाही. त्या टाचा उचलून, हात जमिनीला टेकून नुसत्या वाट बघतात, पाठीवर थाप आणि कानात 'खो' पडला की उठायचं, ज्या दिशेला निघालीस त्या दिशेलाच धावायचं, मागे वळायचं नाही, मधली रेषा ओलांडायची नाही, वळायचं तर खांबापर्यंत जा. म्हणजे पळणारीला सगळी मोकळीक आणि पकडणारीला सगळे नियम. तुमच्या मुलीचा फाऊल यातला नेमका कुठला होता? वळली? रेषेवर पाय पडला? खो द्यायच्या आधीच समोरची उठली? तो अर्धा सेकंद तिच्याकडून समजून घ्या, तिला अंगणात ते करून दाखवायला सांगा, खडूने रेषा मारा. रात्रभर रडली या वाक्यापेक्षा तो अर्धा सेकंद जास्त सांगेल, आणि मग कदाचित बस लागणारच नाही.

जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, मुलं आणि मुली दोन्हीकडे भारत जिंकला, फायनलला दोन्हीकडे नेपाळ, आणि दोन्ही कॅप्टन आपल्याकडचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. हे तुमच्या लेखात आलं तर एका ओळीत येऊ दे, तुमच्या मुलीने तो सामना कुठे बसून बघितला एवढ्यापुरतं. नाहीतर लेख लगेच 'उद्याची सुवर्णकन्या' या वळणावर जातो, मग तिला परत यायला रस्ता राहत नाही.

आणि शेवटचं, तुम्ही त्या दिवशी कुठे उभ्या होतात? मला वाटतं खांबाच्या मागे कुठेतरी, हातात तिची बॅग, पाण्याची बाटली, दुसरीच्या आईशी बोलत. फाऊलची शिट्टी वाजली तेव्हा तुम्ही बघत होतात का? नसाल तर तेच लिहा. तिथून सुरू करा.

मॅच टीव्हीवर बघून लिहिलं तर चालतं का? (दुबई)

चालतं. पण सोफ्यावर बसून बघितली हे लिहा, रात्रीचे किती वाजले होते ते लिहा, मध्ये नेट गेलं असेल तर ते पण लिहा. 'मैदानात एकच जल्लोष झाला' हे मात्र लिहू नका, तुमच्या हॉलमध्ये झाला असेल तर तेवढं.

तुम्ही बाई असून तालमीत जाऊन कसं लिहिलं? मला आमच्या गावच्या तालमीवर लिहायचंय पण आत जाऊ देत नाहीत. (कोल्हापूर जिल्हा, वय २२)

मलाही नव्हतं जाऊ दिलं. कुठली तालीम ते सांगत नाही, वीसेक वर्षं झाली त्याला. वस्ताद अतिशय नम्रपणे म्हणाले, 'ताई, आत मारुतीरायाची मूर्ती हाय, बाईमाणूस आत येत न्हाई, तुमी हितं उंबऱ्याभाईर खुर्ची टाकून बसा, चहा सांगतो.' राग आला, तो येणारच, आणि तो मी लपवला पण नाही लेखात. आता मुलींच्या तालमी निघाल्यात, मुली गादीवर आणि मातीवर दोन्हीकडे खेळतायत, तुझ्या गावातही आज ना उद्या होईल, पण तुझा लेख तोपर्यंत थांबायचं कारण नाही.

मी आठ दिवस पहाटे साडेचारला त्या खुर्चीत बसले. दारातून हौद्याचा एक कोपरा दिसायचा, बाकी सगळं ऐकू यायचं. आधी फावड्याचा आवाज, माती खणून उलटीपालटी करायचा, ओला, जड. मग जोर मारणाऱ्यांचे श्वास, पंचवीस-तीस पोरं एका लयीत, आणि शंभराच्या पुढे गेले की ती लय कुठेतरी फुटायची, दोघं-तिघं मागे पडायचे, ते कानाला कळायचं. मग शड्डू. प्रत्येकाचा शड्डू वेगळा वाजतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, चौथ्या दिवशी मी आवाजावरून दोघांना ओळखायला लागले होते. मातीचा वासही यायचा, ताक, हळद, तेल घालून मुरवलेली माती, उंबऱ्यापाशी सकाळच्या गारव्यात तो वास नाकात बसायचा. आत असते तर मी डोळ्यांनीच बघत बसले असते आणि यातलं निम्मं सुटलं असतं. याचा अर्थ बाहेर बसवलं ते बरं झालं असा कोणी काढू नका, बरं नाही झालं, पण मी जिथे होते तिथूनच लिहिलं.

आठव्या दिवशी वस्ताद बाहेर आले, म्हणाले, काय लिवलं ते वाचा की. मी वहीतलं एक पान वाचलं, त्यात एक वाक्य होतं की 'तो मधेच थांबला, त्याने मातीने हाताचा घाम पुसला आणि पुन्हा भिडला.' त्यांनी हात वर केला. 'घाम पुसला न्हाई वो. माती लावली. घामानं हात निसटतो, माती लावली की पकड बसती. पुसायला काय तो कारकून हाय?'

वाक्य बदललं. अंक छापून आल्यावर एक प्रत नेऊन दिली, वस्तादांनी ती कपाळाला लावून मारुतीच्या पुढ्यात ठेवली. मला चहा मिळाला, त्याच खुर्चीत.